आयोवातल्या त्या पुतळ्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो

प्रश्न असा आलाय की पुतण्या अमेरिकेत आयोवा सिटीला शिकायला गेलाय, मित्रांबरोबर युनिव्हर्सिटीची कुस्ती बघायला गेला, पंधरा हजारांच्या आसपास माणूस बसेल असलं स्टेडियम, आणि बाहेर एका माणसाचा पुतळा. चौकशी केली तर हा राजा नाही, पुढारी नाही, कॉलेजचा कुस्ती कोच. तर हा कोण, त्याचा पुतळा उभारावा असं त्यानं काय केलं, कॉलेजचा कोच म्हणजे नोकरी तरी काय असते, आणि जो पैलवान भारी तो कोचपण भारी होतोच का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा आहे. मी माती आणि मॅट दोन्ही खेळलो, राज्याच्या पुढं काय गेलो नाही, मग पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा कोर्स केला आणि गेली सत्तावीस वर्षं सांगली-कोल्हापूर भागात पोरं तयार करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त कॉलेजची. माझं उत्तर आहे, नाही होत. बऱ्याचदा उलटंच होतं. मोठा पैलवान पोराला म्हणतो असा पट काढायचा, आणि काढून दाखवतो, झक्क दिसतो, पोरगं तसंच करायला जातं आणि तोंडावर पडतं. मग पैलवान चिडतो की एवढं सोपं कसं जमत नाय. त्याला ते इतक्या लहानपणी जमलेलं असतं की कसं जमलं हे त्याचं त्यालाच आठवत नसतं. आणि दुसरी गोष्ट, तो कधी हरलेलाच नसतो, म्हणजे हरत असतो पण इतक्या वरच्या लेव्हलला की जिल्ह्याच्या पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या पोराच्या पोटात काय होतं ते त्याला कळायचा संबंधच नाही.

आता पुतळा. तो डॅन गेबलचा, आणि तो या माझ्या नियमाला अपवाद आहे, म्हणूनच त्याच्यावर एवढं लिहायला बसलोय.

गेबल १९४८ चा जन्म, आयोवा राज्यातलंच वॉटर्लू गाव. हायस्कूलला ६४ कुस्त्या खेळला, ६४ जिंकला. तो पंधरा वर्षांचा असताना, १९६४ ला, घरी एकटी असलेल्या त्याच्या मोठ्या बहिणीचा खून झाला. आईबाप घर विकायला निघाले तर हा पोरगा बहिणीच्या खोलीत राहायला गेला, म्हणजे घर आता सुटणार नाही. यावर मी जास्त काही बोलत नाही, फक्त त्याच्या मेहनतीबद्दल लोक जे वेड वेड म्हणतात त्याच्या मागं हे पण आहे एवढं ध्यानात ठेवा.

मग तो आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीला गेला, कोच हॅरोल्ड निकल्स. इथं एक घोटाळा होतो तो आधीच मिटवतो. आयोवा स्टेट वेगळी, एम्स गावात, आणि तुमचा पुतण्या आहे ती युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा वेगळी. दोघींचं कुस्तीत अजिबात पटत नाही, आपल्याकडं दोन तालमींचं असतं तसंच. गेबल खेळला एका तालमीत आणि वस्ताद झाला दुसरीत. आपल्याकडं हे केलं असतं तर पुतळा सोडा, गावात फिरणं अवघड झालं असतं.

हायस्कूल आणि कॉलेज धरून तो लागोपाठ १८१ कुस्त्या जिंकला. १८२ वी म्हणजे कॉलेजची शेवटची कुस्ती, १९७० ची नॅशनल फायनल, इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनला, १४२ पौंडाचा गट म्हणजे आपल्या हिशोबात साडेचौसष्ट किलो. समोर लॅरी ओविंग्ज, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा. हा गडी खरंतर वरच्या १५८ पौंडाच्या गटातला, तो वजन उतरवून मुद्दाम गेबलच्या गटात आला होता, आणि तसं बोलूनपण दाखवलं होतं की मी याला हरवायला आलोय. गेबल तेव्हा एवढा मोठा झाला होता की टीव्हीवाल्यांनी त्याला कुस्तीच्या आधीच कॅमेऱ्यापुढं उभं केलं, १८२ विरुद्ध शून्य असं करियर संपवताना मला बघा, अशा अर्थाचं काहीतरी त्याच्याकडून वदवून घेत होते. आणि मग कुस्ती झाली, १३-११, गेबल हरला.

ती कुस्ती यूट्यूबवर आहे, मी पोरांना दरवर्षी दाखवतो. पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांना वाटतं गेबल थकला. थकला नाही. तो समोरच्याला पाडून वर बसायच्या नादात राहिला आणि ओविंग्ज त्याला मोकळा सोडायलाच तयार नव्हता. समोरचा मागं हटत नाही ही गोष्टच त्यानं कित्येक वर्षांत बघितली नव्हती. पट्टीचा पैलवान कसा हरतो ते बघायचं असेल तर ही कुस्ती बघा.

गेबल स्वतः आजवर सांगत आलाय की त्या हरण्यानं तो सुधारला. मला वाटतं त्यापेक्षा मोठं काहीतरी झालं. त्या एका दिवसानं त्याच्यातला कोच जन्माला आला. कारण पुढची दोन वर्षं त्यानं स्वतःची कुस्ती उघडून बघितली, कुठं भोक आहे, कुठल्या पकडीत मी आंधळा आहे. ज्याला आपलंच भोक शोधायची सवय लागली त्याला दुसऱ्याचं लगेच दिसतं. १९७१ ला तो सोफियात वर्ल्ड चॅम्पियन झाला, १९७२ ला ऑलिम्पिकच्या ट्रायलला याच ओविंग्जला हरवलं, आणि म्युनिकला ६८ किलोत गोल्ड घेतलं ते सगळ्या स्पर्धेत एकसुद्धा पॉइंट न देता. परत वाचा, एकसुद्धा नाही. त्या गटात जपानचा वाडा सिल्व्हरला होता, रशियाचा अशुरालियेव ब्राँझला, म्हणजे काय गावजत्रेतली पोरं नव्हती.

इथवर पैलवानाची गोष्ट. आता नोकरीची.

अमेरिकेत कॉलेजची कुस्ती हा एक वेगळाच प्रकार आहे, ऑलिम्पिकची फ्रीस्टाइल नाही. त्याला फोकस्टाइल म्हणतात. पाडलं की झालं असं नसतं, पाडून त्याला दाबून ठेवायचं, खालच्यानं सुटायचं, एक मिनिटाची जास्तीची पकड झाली तर शेवटी एक पॉइंट ज्यादा, त्याला रायडिंग टाइम म्हणतात. सात मिनिटांची कुस्ती, तीन, दोन, दोन अशी. दहा वजनगट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा टीमचा खेळ आहे. दोन कॉलेजं समोरासमोर येतात, दहा कुस्त्या होतात, नुसतं जिंकलं तर टीमला तीन, चितपट केलं तर सहा. म्हणजे तुमचा पोरगा हरणारच असेल तरी चितपट न होता हरला तर टीमचे तीन पॉइंट वाचवतो. आपल्याकडं हरलेल्याला कोणी विचारत नाही, तिथं हरताना कसा हरला याचासुद्धा हिशोब होतो. ही एक गोष्ट जरी आपल्या पोरांच्या डोक्यात घातली तरी लई फरक पडेल.

मग कोचचं काम काय? डाव शिकवणं हे त्यातलं निम्मंपण नाही. गावोगाव फिरून हायस्कूलची पोरं हेरायची, आईबापांच्या किचनमध्ये बसून त्यांना पटवायचं, स्कॉलरशिप वाटायची. आणि ती वाटणं म्हणजे कसरत आहे, वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, टीमला पूर्ण स्कॉलरशिप मिळायच्या ९.९, गट दहा, प्रॅक्टिसच्या रूममध्ये पोरं तीसच्या वर, म्हणजे कोणाला अर्धी कोणाला पाव कोणाला फक्त पुस्तकांचे पैसे. पोरगं नापास झालं तर खेळता येत नाही म्हणून अभ्यासावर लक्ष, जुन्या खेळाडूंकडून देणग्या, उन्हाळ्यात शाळेच्या पोरांचे कॅम्प. यात चढायची शिडी अशी, खेळणं संपलं की एखाद्या हेड कोचच्या हाताखाली असिस्टंट, कधी कधी जवळजवळ फुकट, रूममध्ये रोज पोरांबरोबर अंग झिजवायचं, आणि कधीतरी कोणाची तरी खुर्ची रिकामी झाली तर नंबर लागतो. गेबलचं पण तसंच, १९७२ ला ऑलिम्पिक गोल्ड घेऊन आला आणि युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाला हेड कोच गॅरी कर्डलमायरच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागला. चार वर्षं. कर्डलमायरनं १९७५ आणि ७६ ला नॅशनल टायटल मारलं, मग १९७६-७७ च्या सीझनपासून गेबल हेड कोच.

आणि पहिल्या वर्षी टायटल गेलं. कुठं गेलं, तर आयोवा स्टेटला, त्याच्याच जुन्या तालमीत.

दुसऱ्या वर्षाची, १९७८ ची गोष्ट मात्र माझ्या मते त्याच्या सगळ्या करियरची किल्ली आहे, आणि ती फार कमी लोक सांगतात. त्या वर्षी आयोवा नॅशनल चॅम्पियन झाली ९४.५ विरुद्ध ९४ नं, आयोवा स्टेटलाच हरवून, अर्ध्या पॉइंटानं. आणि त्या वर्षी दहा गटांत आयोवाचा एकही चॅम्पियन नव्हता. एकही नाही! दहाच्या दहा गोल्ड दुसऱ्या कॉलेजांची आणि टीमची ट्रॉफी आयोवाची. हे कसं होतं, तर फायनल हरलेले, सेमी हरून खालच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे हरलेल्यांच्या फेऱ्यांत, गेलेले, तिसरे, पाचवे आलेले, हे सगळे पॉइंट गोळा करत राहतात. आजच्या हिशोबानं खालच्या ब्रॅकेटमधली एक कुस्ती जिंकली की टीमला अर्धा पॉइंट मिळतो. म्हणजे बघा, काल रात्री हरून, रडून, सकाळी नऊ वाजता रिकाम्या गॅलरीसमोर परत मॅटवर उतरलेला कोणीतरी पोरगा, त्यानं ट्रॉफी आणली. त्याचं नाव पुतळ्याखाली नाही.

माझ्या अनुभवात पोराला सगळ्यात अवघड कुस्ती कुठली, तर हरल्यानंतरची. फायनलला कोणालापण ताकद येते. आपल्याकडं रेपेचाजला, म्हणजे हरलेल्याला ब्राँझसाठी मिळणाऱ्या दुसऱ्या संधीला, पोरं अंग चोरतात, गाडी कधी आहे विचारतात. एक तर मला म्हणाला, सर ब्राँझ घेऊन गावात काय सांगू. गेबलनं हीच गोष्ट उलटी केली, आणि मला खात्री आहे ती त्याला १९७० नं शिकवली, कारण तो स्वतः कॉलेजात एकदाच हरला आणि त्या हरण्यानंतर काय करायचं हे त्याला कोणी सांगायला नव्हतं.

त्यानंतरचे आकडे मी भराभर सांगतो, ते कुठंपण मिळतात. १९७८ ते ८६ लागोपाठ नऊ नॅशनल टायटल. एकूण २१ वर्षांत १५. बिग टेन म्हणजे त्यांच्या विभागाची स्पर्धा, ती २१ च्या २१ वर्षं. दोन टीमच्या सामन्यांत ३५५ जिंकले, २१ हरले, ५ बरोबरीत. वैयक्तिक नॅशनल चॅम्पियन ४५, आणि पहिल्या आठात येणारे ज्यांना ऑल-अमेरिकन म्हणतात ते १५२. या दोन आकड्यांतला फरक बघा. माझ्या लेखी १५२ हा खरा आकडा आहे. चॅम्पियन एखादा देवसुद्धा देतो, ऑल-अमेरिकन मात्र रूमच तयार करते.

रूम म्हणजे तालीम हो, प्रॅक्टिसची खोली. गेबलची सगळी कोचिंगची कला मला विचाराल तर एका शब्दात येते आणि तो शब्द आपलाच आहे, जोड, म्हणजे लढायला तोलामोलाचा पैलवान. पोराला रोज जोड कोण लागते. आपल्या तालमीत एक चांगला पोरगा निघाला की त्याला जोड मिळत नाही, मग तो दोन-तीन बारक्यांना गुंडाळत बसतो, सहा महिन्यांत त्याला वाटतं आपण लई मोठे, आणि हरियाणाच्या पोरापुढं दोन मिनिटांत आवाज बंद. गेबलच्या रूममध्ये प्रत्येक वजनाला दोन-तीन असे असायचे की दुसऱ्या कुठल्यापण कॉलेजात पहिल्या नंबरला खेळले असते. वर तो स्वतः मॅटवर उतरायचा, वर्षानुवर्षं, ऑलिम्पिक चॅम्पियन तुमच्या अंगावर, रोज. जुळे भाऊ बघितले तर एड आणि लू बॅनाक, नंतर टॉम आणि टेरी ब्रँड्स, म्हणजे घरातूनच जोड घेऊन आलेले. बॅनाक दोघांनीपण १९८४ ला लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक गोल्ड घेतलं, त्या अमेरिकन टीमचा हेड कोच गेबलच होता, फ्रीस्टाइलला सात गोल्ड आली. (रशियन गटानं बहिष्कार घातला होता हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर उगाच फुगवल्यासारखं होईल.)

जोडीचं सगळ्यात भारी उदाहरण जेसी व्हिटमर. ११८ पौंडाचा पोरगा, कॉलेजची जवळजवळ सगळी वर्षं दुसऱ्याच्या मागं बॅकअप म्हणून काढली, म्हणजे रोज मार खायचा, रोज जोड द्यायची आणि शनिवारी गॅलरीत बसून टाळ्या वाजवायच्या. शेवटच्या वर्षी, १९९७ ला, पुढचा पैलवान वरच्या गटात गेला, याला जागा मिळाली आणि हा सरळ नॅशनल चॅम्पियन. असल्या पोराला चार वर्षं रूममध्ये टिकवून ठेवणं, घरी जाऊ न देणं, तुझी गरज आहे हे त्याला रोज कळत राहील असं बघणं, हे कोचचं काम. मला विचारा किती अवघड आहे ते. माझ्या हातून असली पोरं दर वर्षी जातात, कोणी पोलीस भरतीच्या क्लासला, कोणी पुण्यात डिलिव्हरीला.

आता मेहनत. गेबल म्हटलं की सगळ्यांना मेहनतच आठवते आणि तिथंच आपले लोक त्याला चुकीचा वाचतात. मी पण चुकीचा वाचला होता. नवीन नवीन कोच झालो तेव्हा त्याच्याबद्दल वाचलं आणि पोरांना आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आधी आठ दिवस असलं रगडलं, पहाटे धावणं, जोर-बैठका, संध्याकाळी दोन-दोन तास लढती, वर दोरखंड, की गाडीत बसतानाच पोरं झोपली आणि स्पर्धेतपण झोपलीच. सातपैकी सहा जण पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत बाहेर. सातवा आजारी होता म्हणून त्यानं शेवटचे आठ दिवस काहीच केलं नव्हतं, त्याला मेडल आलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला, जरा उशिराच. गेबल हाडं मोडेपर्यंत रगडायचा ते नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत. त्यांची नॅशनल असते मार्चमध्ये. मार्च जवळ येईल तसं कमी करत न्यायचं, कोणाचं किती कमी करायचं हे पोरागणिक वेगळं, कोणाला आदल्या दिवशीपण घाम लागतो तर कोणाला चार दिवस हात लावायचा नाही. पोराचं तोंड बघून ओळखायला लागतं. स्वतः दिवसाला सहा-सहा सात-सात तास मेहनत केलेल्या माणसाला दुसऱ्याला बस म्हणता येणं ही सोपी गोष्ट नाही.

तरीपण तो चुकला नाही असं नाही. १९८७ ला दहावं लागोपाठ टायटल घ्यायला गेले आणि आयोवा स्टेटनं ते काढून घेतलं (परत तेच!), आणि मग चार वर्षं टायटल नाही, ८७ ते ९०. पहिल्या नऊ वर्षांपेक्षा ही चार वर्षं मला जास्त शिकवतात. नऊ वर्षं जिंकत आलेल्या रूममध्ये नवीन पोरगं येतं ते जिंकायला येत नाही, जिंकलेल्यांत बसायला येतं. हा माझा अंदाज आहे, पण कुठल्यापण मोठ्या तालमीत जाऊन बघा, भिंतीवर गदा जितक्या जास्त तितकी पोरं आळशी. गेबलनं तिथून परत बांधलं, ब्रँड्स बंधूंसारखी खुनशी पोरं रूममध्ये होतीच, आणि ९१, ९२, ९३, मग एक गॅप, मग ९५, ९६, ९७.

वजनाबद्दल दोन शब्द, कारण पुतण्याला तिथं कोणी ना कोणी सौना आणि रबरी सूटच्या जुन्या गमती सांगेलच. त्या जमान्यात सगळ्यांचीच पोरं वजन उतरवायला घाम काढत बसायची. १९९७ च्या शेवटी तिथं महिनाभरात तीन कॉलेजांतली तीन पोरं वजन उतरवताना मेली. त्यानंतर नियम बदलले, रबरी सूट आणि सौना बंद, वजन कुस्तीच्या अगदी जवळ घ्यायचं, गटपण वर सरकवले, ११८ चा १२५ झाला. आपल्याकडं अजून जाकीट घालून पळवणारे वस्ताद आहेत आणि मी पण पूर्वी त्यातलाच होतो, कोणाला काही झालं नाही हे नशीब. यात गंमत सांगण्यासारखं काही नाही.

गेबलचं शेवटचं वर्ष १९९७. खुब्याचं हाड झिजलेलं, इतकी वर्षं पोरांबरोबर मॅटवर लोळून दुसरं काय होणार, जानेवारीत ऐन सीझनमध्ये हिप रिप्लेसमेंट झालं आणि कुबड्या घेऊन हा परत कोपऱ्यात. नॅशनल होती सीडर फॉल्सला, म्हणजे त्याच्या वॉटर्लूला चिकटूनच. आयोवाला १७० पॉइंट, तेव्हाचा विक्रम, पाच चॅम्पियन, त्यातला एक वर सांगितलेला व्हिटमर. वय ४८. त्यानंतर आयोवाचा हेड कोच म्हणून तो परत बसला नाही. हाताखालच्या जिम झलेस्कीनं पुढची तीन टायटल मारली आणि २००६ पासून टॉम ब्रँड्स तिथं हेड कोच आहे, म्हणजे तुमच्या पुतण्यानं कोपऱ्यात खुर्चीवरून उठून ओरडणारा जो टकल्या माणूस बघितला असेल तो गेबलचाच चेला.

आता माझ्या थिअरीला एक भोक आहे ते लपवत नाही. केल सँडरसन. हापण आयोवा स्टेटचाच, कॉलेजात १५९ विरुद्ध शून्य, चार वर्षं चार टायटल, कधीच हरला नाही, २००४ ला अथेन्सला गोल्ड. आणि २००९ ला पेन स्टेटचा कोच झाल्यापासून २०२५ पर्यंत बारा टायटल, गेबलचा १७० चा विक्रमपण त्याच्याच टीमनं २०२४ ला १७२.५ करून मोडला आणि पुढच्या वर्षी १७७. म्हणजे न हरलेला पैलवान पण कोच होतो म्हणायचं. माझी पळवाट अशी की फ्रीस्टाइलला तो हरला होता, २००३ च्या वर्ल्डची फायनल वगैरे. पण खरं सांगायचं तर त्याची पद्धतच वेगळी आहे, गेबल डोळ्यात अंगार घेऊन उभा राहायचा, याची पोरं हसत खेळत मॅटवर येतात, हरलं तरी आकाश कोसळत नाही असा कारभार. दोन्ही चालतं. माझ्या स्वभावाला गेबल जवळचा, पण हल्लीच्या पोरांना सँडरसन जास्त लागू पडतो हे मला घरच्या पोरावरून कळलंय.

आपल्याकडं असं करियर आहे का, असापण प्रश्नात एक शेपूट होतं. कॉलेजात कुस्तीचा कोच म्हणून पोस्टच नसते बहुतेक ठिकाणी. एक फिजिकल डायरेक्टर असतो, तो क्रिकेटपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतो. पोरगं घडतं तालमीत, वस्तादाकडं, आणि विद्यापीठाच्या स्पर्धेला कॉलेजचा टी-शर्ट घालून खेळतं, सर्टिफिकेट नोकरीच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात कामी येतं, कॉलेजचा संबंध तिथं संपतो. पण कॉलेज आणि कुस्ती हे नातं आपल्याला अगदीच माहीत नाही असं नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल आणलं. अमेरिकेत हे काम अल्युमनीच्या देणग्या आणि तिकीटविक्री करते. २०१५ ला आयोवानं फुटबॉलच्या उघड्या स्टेडियमवर ओक्लाहोमा स्टेटबरोबर सामना ठेवला तर ४२,२८७ माणूस आलं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसून कुस्ती बघितलेल्या माणसाला गर्दीचं नवल नाही, नवल याचं की ही कॉलेजच्या पोरांची कुस्ती होती आणि समोर इनामाची थैली नव्हती.

ज्या पोराला खरंच कोच व्हायचंय त्याला मी सांगतो, एनआयएस करच, पण त्याच्या आधी दोन वर्षं कुठल्यातरी वस्तादाच्या हाताखाली फुकट राब, मॅट पुसण्यापासून, आणि रोज एक वही लिही की आज कोणाला कोणाची जोड लावली आणि काय झालं. माझ्याकडं अशा एकवीस वह्या आहेत. पहिल्या सहा वर्षांच्या नाहीत, तेव्हा अक्कल नव्हती.

आणि पुतण्याला सांगा, त्या युनिव्हर्सिटीत २०२३ पासून मुलींची टीमपण खेळते, तीपण बघून ये. वॉटर्लू तिथून गाडीनं दीड तासाच्या आसपास आहे, तिथं गेबलच्या नावाचं कुस्तीचं म्युझियम आहे. जाणार असेल तर १९७८ च्या टीमचा फोटो कुठं दिसतो का बघ म्हणावं आणि मोबाईलवर काढून पाठव, तालमीत लावायचा आहे, चॅम्पियन नसलेली चॅम्पियन टीम म्हणून.